लिनक्सवर एका बटणावर उघडणारं टर्मिनल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिकमध्ये ज्यांना ज्यांना लिनक्स बसवून दिलं, त्यांच्याकडून टर्मिनलबद्दल, म्हणजे कमांडी टाइप करून काम करायच्या विंडोबद्दल, फिरून फिरून येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. विचारणारे नाना तऱ्हेचे: इंजिनिअरिंगची मुलं, अंबड-सातपूरच्या वर्कशॉपमध्ये ऑफिसचं काम बघणारे, पिंपळगावच्या द्राक्ष पॅकहाउसमधला कॉम्प्युटर सांभाळणारे. कमांडी उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत. टाइप करताना त्या अर्थातच इंग्रजीत टाकायच्या, सगळी अक्षरं स्मॉल.

वरून उघडणारं टर्मिनल म्हणजे नेमकं काय?

एक बटण दाबलं की स्क्रीनच्या वरच्या कडेतून टर्मिनल खाली सरकतं, तेच बटण पुन्हा दाबलं की वर निघून जातं. आत जे चालू होतं ते चालूच राहतं. ही तऱ्हा आली १९९६ सालच्या क्वेक या गेममधून. त्यात टॅबच्या वरचं, टिल्डचं बटण दाबलं की कमांड टाकायचा कन्सोल असाच वरून उतरायचा. ग्वेक, याक्वेक, टिल्डा ही या प्रोग्रॅमची नावं त्यावरूनच पडली.

साधं टर्मिनल आहे की! हे कशाला?

आठवड्यातून एकदा अपडेट मारण्यापुरतंच टर्मिनल उघडत असाल तर खरंच नको. उबुंटू किंवा मिंटमध्ये कंट्रोल-आल्ट-टी दाबा, काम करा, बंद करा.

हातातलं काम न सोडता मधूनच टर्मिनलमध्ये डोकवावं लागतं, त्यांच्यासाठी हे आहे. समजा पॅकहाउसच्या शीतगृहाचं तापमान एक प्रोग्रॅम दर मिनिटाला एका फाइलीत लिहितोय आणि टर्मिनलमध्ये 'टेल डॅश एफ' (फाइलीत आलेली नवी ओळ लगेच दाखवणारी कमांड) लावून ती फाइल उघडी ठेवली आहे. तुम्ही कॅल्कमध्ये पेट्यांचा हिशेब भरताय. बटण दाबलं, आकडा बघितला, बटण दाबलं, परत त्याच सेलमध्ये. आल्ट-टॅब करत पाच विंडो ओलांडायच्या नाहीत. प्रोग्रॅमिंग शिकणाऱ्यांना तर याची इतकी सवय लागते की दुसऱ्याच्या मशीनवर बसलं तरी बोट आधी तिकडेच जातं.

ग्वेक, याक्वेक, टिल्डा... यातलं घ्यायचं कोणतं?

तुमचा डेस्कटॉप, म्हणजे मेन्यू आणि विंडो सांभाळणारी व्यवस्था (केडीई, नोम, एक्सएफसीई वगैरे), कोणता आहे ते आधी बघा, निम्मं उत्तर तिथेच मिळतं.

केडीई असेल तर डोळे झाकून याक्वेक. केडीईच्याच कन्सोल टर्मिनलचं इंजिन आत आहे, त्यामुळे तुमची कन्सोलची प्रोफाइल, रंग, फाँट सगळं तसंच मिळतं. (इथे एक गोष्ट बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. याक्वेकच्या सेटिंगमधली स्किन फक्त बाहेरच्या चौकटीची असते. अक्षरं मोठी करायची तर प्रोफाइलमध्ये जावं लागतं.)

एक्सएफसीई असेल, म्हणजे झुबुंटू किंवा मिंटची एक्सएफसीई आवृत्ती, तर काहीच बसवू नका. तिथलं टर्मिनल मुळातच हे करतं. 'एक्सएफसीई४ डॅश टर्मिनल' (४ हा आकडाच) असं लिहून स्पेस आणि पुढे दोन डॅश लावून 'ड्रॉप-डाउन' दिलं की झालं. त्याच्या प्रेफरन्सेसमध्ये ड्रॉप-डाउनचा वेगळा टॅब आहे, रुंदी-उंची तिथून बदलता येते. जुन्या, कमी रॅमच्या लॅपटॉपला मी हेच सुचवतो.

सिनॅमन किंवा माटेवर ग्वेक घ्या. अगदी हलकं हवं असेल तर टिल्डा. नोम असेल तर प्रश्न थोडा किचकट आहे, तो खाली सविस्तर घेतलाय. एलएक्सक्यूटी वापरणाऱ्यांचं क्यूटर्मिनलही दोन डॅश आणि 'ड्रॉप' दिलं की वरून उघडतं.

बसवायचं कसं?

उबुंटू, मिंट, डेबियनवर 'सुडो ॲप्ट इन्स्टॉल' आणि पुढे नाव. (सुडो म्हणजे ॲडमिनच्या अधिकाराने, ॲप्ट म्हणजे प्रोग्रॅम बसवणारी कमांड.) फेडोरावर ॲप्टच्या जागी डीएनएफ. ग्वेकचं स्पेलिंग जी-यू-ए-के-ई. क्यूने सुरू केलंत तर पॅकेज सापडायचं नाही. वेबसाइटवरून कुठलीही फाइल उतरवू नका, गरज नाही.

बसवलं, पण एफ-१२ दाबून काहीच होत नाही.

आधी तो प्रोग्रॅम चालू आहे का बघा. नुसता बसवून भागत नाही. मेन्यूतून एकदा सुरू करावा लागतो, मग तो पडद्याआड बसून बटणाची वाट बघतो. ग्वेक आणि याक्वेक दोन्हींना मुळात एफ-१२ दिलेलं असतं, टिल्डाला एफ-१.

दुसरी शक्यता लॅपटॉपच्या कीबोर्डची. हल्लीच्या बऱ्याच लॅपटॉपवर वरची ओळ आवाज-उजेड कमीजास्त करायला दिलेली असते आणि खरं एफ-१२ हवं तर सोबत एफएन धरावं लागतं. एफएन-एस्केप दाबून बघा, अनेक मॉडेलवर त्याने ही अदलाबदल कायमची होते. नाही झाली तर बायोसमध्ये त्याचं सेटिंग सापडतं.

सर, एफ-१२ कधी चालतं, कधी चालत नाही. ब्राउझरमध्ये असलो की उघडतं, फाइल्समध्ये असलो की ढिम्म. मशीन बिघडलंय का?

मशीन ठणठणीत आहे. किंबहुना हे लक्षण इतकं नेमकं आहे की स्क्रीन न बघता फोनवरसुद्धा निदान सांगता येतं: तुम्ही वेलँडवर आहात.

पूर्वी लिनक्सचा सगळा ग्राफिक कारभार एक्स-११ बघायचं. तिथे कोणताही प्रोग्रॅम 'एफ-१२ माझं' असं जाहीर करू शकत असे आणि मग तुम्ही कुठल्याही विंडोत असलात तरी ते बटण त्याच्याकडेच जायचं. सोय मोठी, पण धोकाही तेवढाच. याच मोकळीकीतून एखादा लबाड प्रोग्रॅम तुमचं सगळं टायपिंग ऐकत बसू शकतो. एक्स-११ च्या जागी आलेल्या वेलँडने ती वाट बंद केली. तिथे बटणं आधी डेस्कटॉपच्या हातात येतात आणि तो ती फक्त समोरच्या विंडोला देतो. मागे बसलेल्या ग्वेकपर्यंत काही पोचत नाही.

मग ब्राउझरमध्ये का चालतं? कारण एक्स-११ साठी लिहिलेले प्रोग्रॅम वेलँडवर एक्सवेलँड नावाच्या मधल्या थरातून चालतात. ग्वेक त्याच थरात असतो. तुमचा ब्राउझरही तिथेच असला तर त्याला दिलेलं बटण त्या थरात पोचतं आणि ग्वेक ते उचलतो. फाइल्स हा थेट वेलँडचा प्रोग्रॅम, त्याची बटणं त्या थरात उतरतच नाहीत.

खात्री करायची तर टर्मिनलमध्ये 'एको' लिहून स्पेस द्या, मग डॉलरचं चिन्ह आणि लगेच 'एक्सडीजी अंडरस्कोर सेशन अंडरस्कोर टाइप' लिहा. हा शेवटचा भाग मात्र कॅपिटलमध्ये. उत्तरात वेलँड आलं की निकाल लागला.

मग यावर उपाय?

बटण टर्मिनलकडे मागू नका, डेस्कटॉपकडे मागा. मालकी त्याची आहे. डेस्कटॉपच्या कीबोर्ड सेटिंगमध्ये 'हे बटण दाबलं की ही कमांड चालव' एवढं लिहून ठेवलं की तो बटण पकडतो आणि टर्मिनलला निरोप देतो. ही पद्धत एक्स-११ वरही चालते, वेलँडवरही. उद्या डिस्ट्रो (उबुंटू, मिंट, फेडोरा वगैरे) बदलली तरी कमांड तीच राहते. म्हणून मी आता कुणाच्याही मशीनवर प्रोग्रॅमच्या आतला शॉर्टकट वापरतच नाही, काढून टाकतो.

नोमवर ते असं करायचं. सेटिंग्ज उघडा, कीबोर्डमध्ये जा, 'व्ह्यू अँड कस्टमाइज शॉर्टकट्स' वर क्लिक करा आणि यादीच्या तळाला 'कस्टम शॉर्टकट्स' आहे त्यात शिरा. अधिकच्या खुणेवर क्लिक केलं की तीन गोष्टी विचारणारी छोटी चौकट येते. नावात काहीही लिहा, 'टर्मिनल' पुरे. कमांडमध्ये 'ग्वेक डॅश टॉगल', सलग, मध्ये स्पेस नाही. तिसऱ्या ठिकाणी 'सेट शॉर्टकट' वर क्लिक करून हवं ते बटण प्रत्यक्ष दाबायचं, त्याचं नाव टाइप करायचं नाही. ते बटण आधीच कुणाला दिलेलं असेल तर तिथेच सांगितलं जातं. मग वर उजवीकडच्या 'ॲड' वर क्लिक करायचं. हे राहून गेलं तर सगळं लिहिलेलं वाया जातं आणि दुसऱ्या दिवशी मला फोन येतो.

'ग्वेक' स्पेस 'डॅश टी' या कमांडनेही तेच होतं, पण तिच्यात दरवेळी मुख्य प्रोग्रॅमची जुळवाजुळव होते. ग्वेक-टॉगल नुसता निरोप देऊन मोकळी होते, जुन्या मशीनवर तो फरक हाताला जाणवतो.

सिनॅमनमध्ये हेच सिस्टिम सेटिंग्ज, कीबोर्ड, शॉर्टकट्स या वाटेने. एक्सएफसीईत कीबोर्डमधल्या 'ॲप्लिकेशन शॉर्टकट्स' मध्ये. केडीईवर मात्र याची गरज पडत नाही. याक्वेक आपलं बटण केडीईच्याच शॉर्टकट व्यवस्थेत नोंदवतो, त्यामुळे वेलँडवरही तो नीट चालतो.

शॉर्टकट चालला, पण नोमवर ग्वेक भलत्याच जागी उघडतो.

तेही वेलँडचंच. तिथे प्रोग्रॅमला स्वतःची जागा स्वतः ठरवता येत नाही, विंडो कुठे मांडायची ते डेस्कटॉप ठरवतो. वरच्या कडेला चिकटायचं म्हणजे नेमकी जागाच ठरवायची. ग्वेक एक्सवेलँडमधून बऱ्यापैकी निभावून नेतो, पण दोन स्क्रीन आणि दोघांचं स्केलिंग वेगळं असलं की गोंधळ उडतो.

नोम आणि वेलँड ही जोडी असेल तर माझं मत स्पष्ट आहे: डीडीटर्म घ्या. ते नोमचं एक्स्टेन्शन आहे, म्हणजे डेस्कटॉपच्या आतलाच माणूस. बटण पकडणं, कडेला चिकटणं हे सगळं त्याला करता येतं. एक्स्टेन्शन मॅनेजर बसवून त्यात शोधलं की सापडतं. तोटा एकच, नोमची नवी आवृत्ती आली की एक्स्टेन्शन तिच्याशी जुळवलं जाईपर्यंत ते बंद पडू शकतं. त्यामुळे परीक्षेच्या किंवा प्रोजेक्ट सबमिशनच्या आठवड्यात डिस्ट्रो अपग्रेड करू नका. खरं तर कधीच करू नका त्या आठवड्यात.

लॉगिनच्या वेळी 'उबुंटू ऑन एक्स-ऑर्ग', म्हणजे एक्स-११ चं सेशन, निवडायची जुनी पळवाट बऱ्याच ठिकाणी सुचवलेली दिसेल. उबुंटू २५.१० पासून नोमचं ते सेशनच काढून टाकलंय, तेव्हा त्या भरवशावर राहू नका.

एफ-१२ च ठेवू का दुसरं काही?

वेब डेव्हलपमेंट करत असाल तर एफ-१२ सोडा. फायरफॉक्स आणि क्रोममध्ये त्याच बटणावर डेव्हलपर टूल्स उघडतात, व्हीएस कोडमध्ये त्यावर 'गो टू डेफिनिशन' असतं. डेस्कटॉपने बटण घेतलं की या सगळ्यांचं गेलं. एफ-१० ही नको, एचटॉपमधून (चालू प्रोग्रॅमची यादी दाखवणारं साधन) बाहेर पडायला ते लागतं. एफ-१ मदतीचं.

टिल्डचं बटण क्वेकच्या आठवणीने मोहात पाडतं. नुसतं तेच दिलंत तर टिल्ड आणि बॅकटिक ही दोन्ही चिन्हं टाइपच करता येणार नाहीत, आणि होम फोल्डरसाठी टिल्ड हवंच. सुपर किंवा आल्टसोबत द्यावं तर नोममध्ये त्यावर एकाच ॲपच्या विंडो बदलतात.

मी सुपर-एंटर देतो. सुपर म्हणजे विंडोजची खूण असलेलं बटण. बहुतेक डेस्कटॉपवर ही जोडी मोकळी असते. आयथ्री किंवा स्वे हे कीबोर्डवर चालणारे विंडो मॅनेजर वापरणारे मात्र म्हणतील, तिथे तर साधं टर्मिनल उघडतं. त्यांनी स्क्रॅचपॅड, म्हणजे विंडो लपवून ठेवायची तिथली जागा, वापरावा. एका टर्मिनल विंडोला वेगळी ओळख देऊन ती स्क्रॅचपॅडवर धाडायची आणि 'स्क्रॅचपॅड शो' ला बटण द्यायचं, वेगळा प्रोग्रॅम लागत नाही.

मराठी कीबोर्ड चालू असला की शॉर्टकट बंद पडतो. का?

तुम्ही अक्षराचं किंवा चिन्हाचं बटण दिलं असणार. इन्स्क्रिप्टवर गेलात की त्याच बटणातून वेगळं अक्षर निघतं, आणि शॉर्टकट जुन्या चिन्हाची वाट बघत बसतो. एफ-ओळीची बटणं, एंटर, स्पेस भाषेप्रमाणे बदलत नाहीत. सुपर-एंटर आवडण्याचं हेही एक कारण.

त्याचाच जोडीदार असलेला दुसरा वैताग: रायटरमध्ये मराठी अर्ज टाइप करताय, मध्येच टर्मिनल उघडलं, सवयीने सुडो लिहायला गेलात आणि स्क्रीनवर आलं 'ेह्द'. कीबोर्ड मराठीच राहिला होता. यावर चांगला उपाय आहे. नोमच्या कीबोर्ड सेटिंगमध्ये 'इनपुट सोर्स स्विचिंग' खाली प्रत्येक विंडोसाठी वेगळी भाषा ठेवायचा पर्याय आहे, तो निवडा. रायटर मराठीत राहतं, टर्मिनल इंग्रजीत, आणि दोन्हीकडे ये-जा करताना काही बदलावं लागत नाही. केडीईतही असं सेटिंग आहे. मराठीत काम करणाऱ्याने टर्मिनलच्या आधी हे सेटिंग करून घ्यावं, इतकं ते उपयोगाचं आहे.

टर्मिनलमध्ये मराठी फाइलींची नावं तुटक दिसतात.

टर्मिनल अक्षरं सारख्या मापाच्या चौकटींत मांडतं. आपली वेलांटी, काना, जोडाक्षरं त्या चौकटींत मावत नाहीत, म्हणून ती सुटी पडलेली दिसतात. फाइल शाबूत असते, नावही बरोबर असतं. कन्सोल आणि पर्यायाने याक्वेक या बाबतीत ग्वेकपेक्षा उजवे आहेत. नाव टाइप करत बसू नका, पहिलं अक्षर देऊन टॅब दाबा.

टर्मिनल वर सरकवलं तर आतला प्रोग्रॅम थांबतो का? आणि लाइट गेली तर?

सरकवल्याने थांबत नाही. मोठी कॉपी, डाउनलोड, कम्पाइल खुशाल लावून झाकून ठेवा. लॉगआउट केलंत किंवा टॅब बंद केलात तर मात्र थांबतो.

टर्मिनल चुकून बंद होण्याची भीती असेल तर आत टीमक्स (टर्मिनलमधलं काम वेगळं धरून ठेवणारा प्रोग्रॅम) चालवा. वरचं टर्मिनल गेलं तरी टीमक्समधलं काम चालू राहतं आणि 'टीमक्स अटॅच' म्हटलं की तिथूनच पुढे. पण लाइट गेली आणि यूपीएस नसेल तर टीमक्स तरी काय करणार? मशीनच बंद पडलं. उपयोग होतो तो काम दुसऱ्या सर्व्हरवर चालू असेल तेव्हा. तिथे एसएसएचने (दुसऱ्या मशीनवर लांबून लॉगिन करायची सोय) जाऊन टीमक्स लावलेलं असेल, तर इथली लाइट तासाभराने आली तरी तिकडचं काम पुढे सरकलेलं असतं.

मशीन सुरू झालं की आपोआप चालू व्हावं.

ग्वेकच्या प्रेफरन्सेसमध्ये लॉगिनला सुरू करण्याची खूण आहे. याक्वेक केडीईच्या ऑटोस्टार्टमध्ये घाला. डीडीटर्म आणि एक्सएफसीईला काही करावं लागत नाही.

दोन स्क्रीन आहेत, टर्मिनल नेहमी चुकीच्या स्क्रीनवर उतरतं.

ग्वेकमध्ये 'अपीअर ऑन माउस डिस्प्ले' वर खूण करा. याक्वेकमध्येही माउस असेल ती स्क्रीन निवडता येते.

दुसरीकडे क्लिक केलं की टर्मिनल गायब होतं. मला ते बघत बघत टाइप करायचंय.

फोकस गेला की लपायचं, हे सेटिंग बंद करा. ग्वेकमध्ये 'हाइड ऑन लूज फोकस' वरची खूण काढा. याक्वेकमध्ये फोकस गेला तरी उघडं ठेवण्याचा पर्याय निवडा. कमांडी बघून वहीत उतरवून घेणाऱ्यांनी हे पहिल्या दिवशीच करावं.

क्लासमध्ये प्रोजेक्टरवर शिकवताना वापरता येईल का?

फार छान. स्लाइड चालू असताना बटण दाबायचं, कमांड दाखवायची, परत स्लाइड. उंची पूर्ण न ठेवता अर्ध्यावर ठेवा, म्हणजे खालची स्लाइड दिसत राहते. फाँट मागच्या बाकावरून वाचता येईल एवढा. पारदर्शकता शून्य करा. मागचं चित्र आणि पुढची अक्षरं मिसळली की प्रोजेक्टरवर काहीच कळत नाही.

ऑनलाइन शिकवताना पूर्ण स्क्रीन शेअर करा. फक्त स्लाइडची विंडो शेअर केली असेल तर तुमचं टर्मिनल तुम्हालाच दिसतं आणि मुलं गप्प बसून राहतात.

आणि वर-बाण दाबून जुन्या कमांडी चाळत बसू नका सगळ्यांसमोर. त्यात कधी पासवर्ड लिहिलेला निघतो.

हे सतत उघडं राहतं, म्हणजे सुरक्षित आहे ना?

उघडं टर्मिनल ठेवून उठून जाणं जितकं धोक्याचं, तितकंच हे. उबुंटूत सुडोला एकदा पासवर्ड दिला की त्या टर्मिनलमध्ये पुढची १५ मिनिटं पुन्हा विचारला जात नाही. दुकानात किंवा ऑफिसात काउंटरवरून उठताना सुपर-एल दाबून स्क्रीन लॉक करा. सुडोची आठवण तिथल्या तिथे पुसायची तर 'सुडो डॅश के'.

एक्सडूटूल किंवा डब्ल्यूएमकंट्रोल ही विंडो हलवायची साधनं वापरून स्क्रिप्ट लिहायचे जुने लेख सापडतात. ते करू?

एक्स-११ वर असाल आणि हौस असेल तर करा, शिकायला मिळतं. वेलँडवर ही दोन्ही साधनं थेट वेलँडच्या विंडो हलवू शकत नाहीत, तेव्हा वेळ घालवू नका.

किटी टर्मिनलमध्ये पण अशी सोय आली म्हणे?

आली आहे, २०२५ पासून. 'किटन' स्पेस 'क्विक-ॲक्सेस-टर्मिनल', मध्ये डॅश. केडीई, स्वे, हायप्रलँडवर झकास चालते. नोमच्या वेलँडवर चालत नाही, कारण कडेला चिकटायला लागणारी लेयर-शेल नावाची सोय नोम देत नाही.

नको झालं तर काढायचं कसं?

आधी कीबोर्ड सेटिंगमधला शॉर्टकट काढा, मग 'सुडो ॲप्ट रिमूव्ह' आणि नाव. क्रम उलटा झाला तरी बिघडत नाही, फक्त ते बटण दाबल्यावर काही होणार नाही आणि दुसऱ्या कामाला ते देताना सेटिंग म्हणेल की आधीच दिलेलं आहे.